काम सुटलं, भत्ता अडला: अर्ज पुन्हा भरण्याआधी हे तपासा

अर्ज भरला, पोच निघाली, महिना उलटला तरी ‘प्रलंबित’. नाहीतर त्याहून वाईट, अर्ज पुढंच सरकत नाही, ‘पात्र नाही’ असं लिहून येतं आणि माणूस तिथंच खचतो. मी संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक भागात कामगारांचे पीएफचे (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) अर्ज भरून देतो. कंपन्यांच्या ऑर्डरी घटल्या की हीच तक्रार घेऊन लोक येतात, आणि बहुतेकांनी तोच अर्ज आधी दोन-तीन ठिकाणी भरून पाहिलेला असतो. त्यांना मी पहिलं हेच सांगतो की अर्ज पुन्हा टाकू नका. तुमचं काम सुटलं तेव्हा कंपनीनं किंवा ठेकेदारानं तुमच्या नावापुढं कोणती तारीख आणि कोणतं कारण टाकलं, ते आधी शोधा. भत्ता अडतो तो बहुधा तिथं. ती नोंद चुकीची असेल तर दहा अर्ज टाका, दहाही परत येतील.

त्याआधी तुम्ही नेमका कोणता पैसा मागताय ते पक्कं करा. ‘बेरोजगारी भत्ता’ म्हणून लोक चार वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, त्यांचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, तुमचा स्वतःचा पीएफ आणि गावाकडं रोजगार हमीतला बेरोजगार भत्ता. चारही ठिकाणचे नियम, कागद आणि खिडक्या वेगळ्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ‘प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता योजना’ मात्र यात कुठंच बसत नाही. केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती कार्यालयाच्या तथ्य तपासणीनं असे संदेश वेळोवेळी खोटे ठरवले आहेत. त्या लिंकवर आधार नंबर, बँकेचा तपशील काहीही टाकू नका. काम गेलेल्या माणसाच्या खिशातले उरलेसुरले पैसे काढून घ्यायला बसलेल्या लोकांची मला मनापासून चीड येते.

अटल योजना: पात्रता बसते का, ते पाच मिनिटांत बघा

पगारातून ईएसआयसी कापली जात असेल (सध्या कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, आणि पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये), तर ही योजना तुमच्यासाठी आहे. ती १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सुरुवातीला रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे, कोरोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ते ५० टक्के झाले. पूर्वी काम सुटून नव्वद दिवस थांबावं लागायचं, आता तीस दिवसांनी अर्ज करता येतो. उभ्या आयुष्यात जास्तीत जास्त नव्वद दिवसांचाच भत्ता मिळतो. योजना कायमस्वरूपी नाही, मुदतवाढीवर चालते. १ जुलै २०२४ पासूनची वाढ ३० जून २०२६ पर्यंतची होती, म्हणून त्यानंतर काम सुटलेल्यांनी आधी ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात पुढची मुदत विचारावी.

पात्रतेच्या अटी दोन. काम सुटण्याआधी किमान दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी. आणि लगतच्या आधीच्या वर्गणी कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी, शिवाय त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालखंडांपैकी कुठल्यातरी एकात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. कालखंड म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. समजा काम १५ नोव्हेंबरला सुटलं. मग आधी एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत ७८ दिवस भरले का ते बघायचं, आणि नंतर त्यामागच्या तीन कालखंडांत एकदा तरी भरलेत का ते.

आपल्याकडं ठेकेदाराच्या कामगारांना सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ देतात आणि महिनाभरानं पुन्हा लावून घेतात. अशी पोरं ‘माझं सलग नाही, मला मिळणार नाही’ म्हणून अर्जच करत नाहीत. वर्गणीच्या दिवसांचं बघाल तर त्यांनी हिशेब घालून बघितला पाहिजे. सहा महिन्यांत ७८ दिवस म्हणजे महिन्याला सरासरी तेरा दिवस. मधे ब्रेक पडूनही हे दिवस सहज भरलेले असतात. नोकरीच्या दोन वर्षांबद्दल शंका असेल तर ती शाखेत विचारून घ्या, घरी बसून स्वतःला बाद ठरवू नका.

पैसे किती मिळतील याचा अंदाज आधीच घ्या, म्हणजे कोणी एजंट ‘चाळीस हजार काढून देतो, पाच हजार माझे’ म्हणाला तर फसणार नाही. मागच्या चार कालखंडांतली एकूण कमाई भागिले ७३०, आलेल्या आकड्याचे निम्मे, ही तुमची रोजची रक्कम. महिना पंधरा हजारांवर दोन वर्षं सलग काम केलं असेल तर एकूण ३,६०,००० रुपये. त्याला ७३० ने भागलं की ४९३, निम्मे साधारण २४६, नव्वद दिवसांचे अंदाजे २२,२०० रुपये. ब्रेक पडलेले असतील तर कमाई घटते पण भागायचं ७३० नंच, म्हणून रक्कम कमी येते. ती कमी आली म्हणजे कोणी कापली असं समजू नका.

आणखी दोन गोष्टींवरून गैरसमज होतात. भत्ता झालेल्या बेकारीच्या दिवसांचा मिळतो, पुढच्या दिवसांचा आगाऊ मिळत नाही. आणि मधेच दुसरं काम लागलं, तर लागेपर्यंतच्या दिवसांचा हक्क बुडत नाही. काम लागलं म्हणून लाजून अर्ज सोडून देणारे लोक मी बघितलेत. तसं करू नका. अर्ज मात्र काम सुटल्यापासून वर्षाच्या आत गेला पाहिजे.

कारणाचा आकडा: खरी गाठ इथं आहे

कंपनी किंवा ठेकेदार दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मागच्या महिन्याची वर्गणी ईएसआयसीच्या पोर्टलवर भरतो. त्या यादीत प्रत्येक कामगाराचे दिवस आणि पगार टाकावा लागतो. दिवस शून्य असतील तर कारणाचा आकडाही टाकावा लागतो. १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे नोकरी सोडली, ३ निवृत्त, १० म्हणजे कामगार कपात, ११ म्हणजे काम नव्हतं, ० म्हणजे कारणच दिलेलं नाही. आकडा भरणारा बहुधा ठेकेदाराच्या ऑफिसातला एखादा मुलगा असतो. त्याच्यासमोर तीनशे नावं असतात आणि मुदत रात्री बाराला संपणार असते. तो सगळ्यांना १ नाहीतर ० टाकून मोकळा होतो.

घनसावंगीकडचा एक मुलगा माझ्याकडं आला होता. प्रेस शॉपला हेल्पर, काम सुटून तीन महिने झालेले, अर्ज दोनदा परत. आम्ही त्याच्या महिन्यांची यादी मागवली. नाव बरोबर, नंबर बरोबर, दिवसांच्या रकान्यात शून्य आणि शेवटच्या रकान्यात ‘रजेवर’. म्हणजे ईएसआयसीच्या लेखी तो अजून नोकरीत होता, फक्त सुट्टीवर. घरी आई मोसंबीच्या बागेत रोजानं जात होती आणि कागदावर हा रजेवर! असा माणूस बेकार आहे हे शाखेला कळणार तरी कसं? ठेकेदारानं शेवटच्या कामाची तारीख आणि खरं कारण टाकल्यावर त्याचा अर्ज पुढं सरकला.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा. काम सुटलेल्या महिन्याच्या पुढच्या महिन्याची यादी भरली जाईपर्यंत नोंद दिसणारच नाही, एक ते अडीच महिने त्यात जातात. ती वेळ झाली की ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन करा, विमा क्रमांक तुमच्या कार्डावर असतो, आणि वर्गणीचा तपशील उघडा. कोणत्या महिन्याला किती दिवस दाखवलेत ते वहीत उतरवा. पगाराच्या पावत्यांशी ताडून बघा. पावतीवर २६ दिवस आणि पोर्टलवर १४ असं निघालं तर ती वेगळी तक्रार, ती लगेच लेखी द्यायची. मग कंपनीच्या एचआरकडं किंवा ठेकेदाराकडं त्या महिन्याच्या वर्गणी यादीची प्रत मागा. तिच्या शेवटच्या रकान्यात कारण छापलेलं असतं. ते देत नसतील तर शाखा कार्यालयात विचारा, त्यांना स्क्रीनवर दिसतं.

कारण चुकलेलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज मालकाच्या नावानं करायचा आणि त्याची प्रत शाखा व्यवस्थापकाला द्यायची. फोनवर ‘हो भाऊ, करून टाकतो’ असं सांगतात, त्यावर विसंबू नका. साध्या कागदावर चार ओळी लिहा. विमा क्रमांक, शेवटच्या कामाची तारीख, पोर्टलवर काय दिसतंय आणि काय असायला हवं. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का-तारीख घेऊन ती आपल्याकडं ठेवा. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती तेच काम करते.

अटल योजनेचा अर्ज मालकामार्फत पाठवायची गरज नाही. तुम्ही स्वतः ऑनलाइन दावा भरता, त्याची प्रत, आधार आणि बँकेचा तपशील शाखेत जातो आणि पडताळणी शाखा करते. ‘कंपनीची सही आणा’ म्हणून कोणी परत पाठवत असेल तर ते लेखी मागा.

राजीनाम्यावर सही करण्याआधी

बेशिस्तीच्या शिक्षेनं काढलेला, वय झाल्यावर निवृत्त झालेला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला किंवा आपणहून काम सोडून गेलेला कामगार या योजनेत बसत नाही. आता प्रत्यक्षात काय होतं? मंदी आली की ठेकेदार पोरांना ऑफिसात बोलावतो, हिशेबाचे पैसे टेबलावर ठेवतो आणि छापील कागद पुढं सरकवतो. कागदावर ‘घरगुती कारणामुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे’. सही केली की पैसे हातात. आपणही सही करून येतो, कारण दिवाळी तोंडावर असते, नाहीतर खोलीचं भाडं थकलेलं असतं.

त्या कागदानं तीन महिन्यांचा भत्ता जातो. हे मला वाचणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटतं. काम कमी झालं म्हणून काढत असतील तर तसंच लिहून मागा. ते लिहून देत नसतील तर निदान ‘घरगुती कारण’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका. हिशेबाच्या पावतीवर वेगळी सही करा, राजीनाम्यावर नको. कामाचे पैसे मिळणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही. सही आधीच झाली असेल तर ‘उत्पादन घटल्याने सगळ्या हेल्परांना एकाच दिवशी थांबवलं’ असा अर्ज सोबतच्या कामगारांच्या सह्यांसह शाखेत द्या. पाच-दहा जणांची शेवटची तारीख एकच असेल तर तीच गोष्ट पुष्कळ बोलते. याची खात्री देता येत नाही, पण गप्प बसण्यापेक्षा बरं.

कंपनीच बंद पडली असेल किंवा कायद्यानं कामगार कपात झाली असेल तर आधी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचं विचारा. ती २००५ पासून आहे. तिच्यात दोन वर्षांची वर्गणी लागते आणि भत्ता चोवीस महिन्यांपर्यंत मिळू शकतो, पहिले बारा महिने ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. कामाबाहेरच्या इजेनं ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलेल्यांनाही ती लागू होते. नव्वद दिवसांच्या योजनेचा अर्ज घाईनं टाकून मोकळं होण्याआधी ही मोठी योजना आपल्याला बसते का ते बघणं फार महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही.

ठेकेदार गायब झाला असेल, फोन बंद, ऑफिसला कुलूप, तर मूळ कंपनीकडं जा. ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरली जाते की नाही याची जबाबदारी कायद्यानं मूळ मालकावर आहे. गेटपास, हजेरी कार्ड, बँकेत पगार जमा झालेलं स्टेटमेंट, यातलं जे असेल ते जोडा.

दवाखान्याचंही सांगून ठेवतो, कारण काम सुटलं की लोक कार्ड बंद झालं म्हणून खासगीत जातात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. घरात बाळंतपण किंवा ऑपरेशन असेल तर आधी हे बघा.

पीएफ: तिथंही तारीखच

पीएफ हा भत्ता नाही, तुमचीच शिल्लक आहे. पण काम सुटल्यावर बहुतेकांचं घर त्याच्यावरच चालतं. इथं अडते ती ‘डेट ऑफ एक्झिट’, म्हणजे काम सुटल्याची तारीख. ती टाकलेली नसेल तर पूर्ण रक्कम काढायचा फॉर्म उघडतच नाही. सदस्य पोर्टलवर ‘व्ह्यू’मध्ये ‘सर्व्हिस हिस्ट्री’ उघडा. शेवटच्या कंपनीपुढची जागा रिकामी असेल तर कंपनीच्या मागं लागून दिवस घालवू नका. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ करून तुम्ही स्वतः तारीख टाकू शकता. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची असेल त्या महिन्यातलीच टाका. एकदा टाकली की बदलणं अवघड जातं, म्हणून पगाराची पावती समोर ठेवून टाका.

दुसरी चूक तारखा एकमेकींवर चढण्याची. पहिल्या ठेकेदारानं ३१ मार्चला सोडलं दाखवलं आणि दुसऱ्यानं १५ मार्चला लागलं दाखवलं, तर दावा परत येतो. तिसरी चूक, दर ठेकेदारानं नवा यूएएन (कामगाराचा पीएफचा कायमचा क्रमांक) काढलेला असतो. जुन्या खात्यातला पैसा चालू खात्यात ट्रान्सफर करून घ्या, मगच काढायला जा.

किती काढता येईल याचे नियम बदलले आहेत. आधी महिन्यानंतर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनंतर सगळी रक्कम मिळायची. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत केंद्रीय विश्वस्त मंडळानं काम सुटल्यावर ७५ टक्के लगेच, पूर्ण रक्कम बारा महिन्यांनी आणि पेन्शनची रक्कम छत्तीस महिन्यांनी असा निर्णय घेतला. तेव्हा ‘माझ्या भावाला दोन महिन्यांत सगळे मिळाले, मला का नाही’ असं विचारण्याआधी भावाचं साल विचारा.

दावा पूर्ण असेल तर वीस दिवसांत निकाली काढायचा किंवा त्रुटी लेखी कळवायची, असा पीएफ योजनेचाच नियम आहे. म्हणून एकविसाव्या दिवशी तक्रार करायला संकोच नको.

ओटीपी येत नाही, नाव जुळत नाही, पैसे परत गेले

गावाकडं परतलेल्या माणसाची पहिली अडचण ओटीपी. शहरात घेतलेलं सिम रिचार्ज न केल्यानं बंद पडतं, आधारला तोच नंबर असतो आणि सगळं थांबतं. आधार केंद्र तालुक्याला, तिथं रांग. बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनसुद्धा आधारचा मोबाइल नंबर बदलून देतो. गावच्या पोस्टात विचारा, त्यासाठी ठरलेली फी घेतात, त्याची पावती घ्या.

नावाचं दुखणं आपल्याकडं जास्त. शाळेत ‘बालाजी’, आधारवर ‘बालाजीराव’, कंपनीच्या यादीत नुसतं आडनाव आणि वडिलांचं नाव. बायांच्या बाबतीत आधार सासरचं आणि बँक माहेरची. जन्मतारीख शाळेत गुरुजींनी लावलेली १ जून, आधारवर नुसतं साल. आधार, पॅन, बँक आणि यूएएन, चारही ठिकाणी नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते एका कागदावर लिहून बघा. जे वेगळं असेल ते आधारशी जुळवा, आधार त्याच्याशी जुळवायला जाऊ नका. १ ऑक्टोबर २०१७ नंतर निघालेल्या आणि आधारनं पडताळलेल्या यूएएनमध्ये नाव, जन्मतारीख यांसारखी दुरुस्ती कामगाराला स्वतः पोर्टलवर करता येते. त्याआधीचा असेल तर मालकासोबतचं संयुक्त घोषणापत्र लागतं. पत्ता भरताना काही यादींत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव सापडत नाही, तिथं औरंगाबाद आणि उस्मानाबाद शोधा. एवढ्यासाठी केंद्रावरून रिकाम्या हातानं परतणारे लोक आहेत.

पैसे मंजूर होऊन परत गेले असतील तर बँकेचं खातं बघा. विलीन झालेल्या बँकांचे जुने आयएफएससी कोड बंद झाले आहेत. देना बँक ‘बँक ऑफ बडोदा’त गेली, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये. जुनं पासबुक बघून कोड टाकला की पैसे परत. कमी कागदांवर उघडलेल्या ‘छोट्या’ खात्यात पन्नास हजारांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही, पीएफची मोठी रक्कम तिथं अडकते. बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या. वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं असेल तर आधी शंभर रुपये टाकून काढून बघा, चालू आहे का ते कळतं.

तरी हललं नाही तर

आधी टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा. ईएसआयसीचा १८००-११-२५२६, पीएफचा १४४७०. नुसतं बोलून ठेवू नका, तक्रार क्रमांक मागून लिहून घ्या. पीएफसाठी त्यांचं तक्रार पोर्टल आहे, तिथं परत आलेल्या दाव्याचा नंबर आणि परत करण्याचं कारण जसंच्या तसं टाका. दोन्हींसाठी केंद्राचं सार्वजनिक तक्रार पोर्टलही आहे. पीएफ कार्यालयाचं ‘निधी आपके निकट’ शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत भरतं. बीड, हिंगोली, परभणीच्या माणसाला संभाजीनगरला जायचं एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही वाचतं. आपल्या जिल्ह्यात या महिन्यात ते कुठं आहे ते आधी विचारून घ्या आणि कागदांच्या झेरॉक्स सोबत न्या. तरीही काही कळलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. ‘माझ्या दाव्यावर कोणत्या तारखेला कोणी काय शेरा मारला’ एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि पुष्कळदा उत्तर यायच्या आधीच फाइल हलते.

गावात परतून रोजगार हमीवर जाणाऱ्यांसाठी थोडकं. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर भत्त्याचा हक्क लागतो. २००५ च्या कायद्यात पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान पाव आणि पुढं किमान निम्मी रक्कम ठरवलेली आहे. केंद्रानं डिसेंबर २०२५ मध्ये त्या जागी नवा कायदा मंजूर केला, पंधरा दिवसांचं तत्त्व त्यातही आहे. हा भत्ता क्वचितच कोणाला मिळताना दिसतो, कारण मागणी तोंडी होते. रोजगार सेवक ‘काम निघालं की सांगतो’ म्हणतो आणि त्या पंधरा दिवसांची मोजणी सुरूच होत नाही. काम मागणीचा नमुना ४ भरून मागणी करा, आणि तारीख-सहीची पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून निघू नका. पोच दिली नाही तर तोच अर्ज तहसील कार्यालयाच्या आवकमध्ये द्या. महाराष्ट्रात तालुक्याचे कार्यक्रम अधिकारी तहसीलदार असतात. सोळाव्या दिवशी त्याच पोचेची झेरॉक्स जोडून भत्त्याची मागणी त्यांच्याकडेच करा.